जेवणाच्या हाताला

फोन म्हणाला, पोहोचलात.
समोर एक फाटक, फाटकाला निळी दोरी,
पलीकडे चार मेंढ्या आणि धुकं.
"तुमचं ठिकाण डावीकडे आहे,"
बाई पुन्हा म्हणाली, तिच्या इस्त्रीच्या आवाजात,
आणि रेंजची शेवटची काडी गेली.

डार्लिंग्टनहून आम्ही निघालो होतो शिलाई मशीन आणायला.
पायाचं, जुनं, चाळीस पौंडांचं,
गॅरीगिलच्या पुढे कुठल्याशा शेतावरून.
या डोंगरात एका पोस्टकोडात अकरा शेतं मावतात
हे गावात राहून कुणाला कळणार!

हेमांगी उतरली. डिकी उघडून
स्टेपनीखालून तिने ते काढलं:
शहाण्णव सालचं ॲटलस, मुखपृष्ठ गायब,
लीड्सभोवती चहाच्या कपाचं रिंगण,
खराखुरा रिंगरोड वाटावा असं.

बावीस वर्षं हे तिच्या मांडीवर होतं.
दक्षिणेकडे जाताना ती ते उलटं धरायची,
सगळी गावं शीर्षासनात.
डावं-उजवं तिने कधी म्हटलंच नाही.
"घड्याळाच्या हाताला घे. आता जेवणाच्या."
इतकी वर्षं इथे काटा डाव्या हातात धरून जेवली,
तरी जेवणाचा हात तो जेवणाचाच.
एकदा निघालो कार्लाइलला, पोहोचलो केंडलला,
आणि घर येईपर्यंत
कुणी कुणाशी बोललं नाही.

मग रेवतीने वाढदिवसाला फोनचं स्टँड दिलं.
भांडण मिटलं.
ती खिडकीबाहेर बघते,
मी निळ्या ठिपक्याकडे. ठिपका म्हणजे मी,
मधोमध, आणि जग माझ्यासाठी फिरून घेतं.
मागे काय गेलं, पुढे कोणतं गाव,
काही नाही. फक्त दोनशे यार्ड.
मग पुन्हा दोनशे यार्ड.

बॉनेटवर तिने पान उघडलं.
गॅरीगिल नेमकं शिवणीत गेलेलं,
दोन पानांच्या मधल्या घळीत.
तिने पुस्तकाची पाठ मोडली, कडकन.
"ही बघ नदी."
"नदी नाही ती, काउंटीची हद्द आहे."
"हद्द अशी वळणं घेते होय?"
"इथे घेते."
"चष्मा कुठाय तुझा?"
"तुझ्या डोक्यावर कुणाचा आहे?"
आमचे आवाज चढले.
मेंढ्यांनी माना वर केल्या.
तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, थंडीने की रागाने,
आणि मला उगाचच भूक लागली.

मग गाडी हळू,
आणि तिचं बोट आमच्यापुढे मैलभर.
नावं मोठ्याने वाचत गेली, सगळी चुकीच्या उच्चारात,
पण वाचत गेली. एक वळण हुकलं.
ते माझ्यामुळे, असं ठरलं.

ऑड्री टीसडेल दारात उभ्या होत्या, हाताला पीठ.
"खालच्या फाटकाशी गेला असाल," म्हणाल्या,
"तो फोन सगळ्यांनाच तिथे नेतो.
पाटी लावायची आहे. सहा वर्षं झाली."
मशीनला तेल घालून ठेवलं होतं त्यांनी.
चाक हाताने फिरवून दाखवलं,
वर सुटी बॉबिन दिली, बिस्किटाच्या डब्यात.

परतताना मिडल्टनच्या अलीकडे रेंज आली.
बाई जागी झाली: "शक्य असेल तिथे मागे वळा."
"गप गं जरा," हेमांगी म्हणाली,
आणि दोन मिनिटांत झोपली,
बोट त्रेचाळिसाव्या पानात तसंच.
मागे मशीनचं पायडल खड्ड्याखड्ड्याला
आपोआप हलत होतं.

फोनने वळण बरोबर सांगितलं, यात वाद नाही.
घड्याळाच्या हाताला, मी म्हटलं,
कुणाला ऐकू जाणार नाही असं,
आणि वळलो.